आधी वारा सांगा

गार्डसाहेबांकडे झेंडा मागायला गेलेला माणूस पहिल्या खेपेला रिकाम्या हातानेच परत यायचा. ते खुर्चीतून उठायचे नाहीत. चष्मा कपाळावर ढकलायचे, उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि वर्गात शंका विचारायला धरतात तसं वर धरायचे.

"आधी वारा सांगा."

"कसला वारा?"

"किल्ला कुठे केलाय? अंगणात? मग अंगणात जा, बोट ओलं करा, वारा कुठून येतोय आणि किती जोराचा आहे ते बघून या. त्याशिवाय झेंडा मिळणार नाही."

आणि झेंडा केवढा, तर माझ्या करंगळीच्या नखाएवढा!

तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे साध्या कामाला जावं आणि भलताच अभ्यास घेऊन परत यावं. आमच्या लोणावळ्याच्या आळीत हे होते. मालगाडीवर गार्ड होते, निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या बैठ्या घरात आले, तरी नाव गार्डसाहेबच राहिलं. नोकरीभर हातात लाल-हिरवी झेंडी धरली, ती सुटली तर हात मोकळे कसे राहणार? हे झेंडे करत बसले. दिवाळीत मुलं अंगणात मातीचे किल्ले करतात त्यांच्यासाठी. बुरुजावरचा भगवा, मावळ्याच्या मुठीतला भगवा, घोडेस्वाराच्या खांद्यावरचा भगवा. सुरुवातीला आळीतल्या मुलांसाठी, मग सगळ्या गावासाठी, आणि पुढेपुढे पुण्याहून बोटभर उंचीचे शिपाई आणि घोडे करणारी हौशी मंडळीही त्यांच्या दारात बोट ओलं करून उभी राहायला लागली.

त्यांची आणि माझी ओळख चिंध्यांवरून झाली.

मी तेव्हा चाळिशीतली. डोळ्यांवर बशीएवढा चष्मा, आणि शिवणक्लासच्या डिप्लोमाची फ्रेम देवाच्या तसबिरीपेक्षा एक खिळा उंच लावलेली. आज माझी नात तो फोटो बघून "आजी, तू इतकी रागीट का दिसतेस?" असं विचारते. रागीट नव्हते गं, बाळा. हुशार होते! निदान माझी तशी समजूत होती.

गार्डसाहेब दारात आले. "बाई, भगव्या चिंध्या आहेत का?"

"चिंध्या नसतात आमच्याकडे," मी म्हटलं. "कटपीस असतात. कशाला हव्यात?"

त्यांनी सांगितलं. मला हसूच आलं. एवढाच झेंडा ना? त्यात काय! मी त्यांना थांबायला सांगितलं आणि बसले मशीनवर. चारी बाजूंनी बारीक दुमड घातली, कडेला पायपिन लावली, काठीसाठी नळी शिवली. हातात ठेवला त्यांच्या, आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने दाबून बघितला. "छान उशी झालीय, बाई. मावळ्याला झोपायला होईल."

माझ्या क्लासच्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे गार्डसाहेबांशी. मुलींशी दोन आठवडे.

चिंध्या त्यांना फक्त रंग जुळवायला हव्या होत्या, हे मला नंतर कळलं. "माणूस लहान करता येतो, घोडा लहान करता येतो," ते म्हणायचे, "पण कापडाचं वजन लहान करता येत नाही. एवढंसं कापड काठीला लावलं की ते वाळत घातलेल्या फडक्यासारखं लोंबतं." म्हणून ते चिक्कीच्या खोक्यात घालतात तो पातळ कागद घ्यायचे. दोन्ही बाजूंनी रंगवायचे, पातळ डिंक फिरवायचे, खराट्याच्या काडीला गुंडाळायचे आणि ओला असतानाच विणायच्या दोन सुयांवरून वरखाली घालून वाळत ठेवायचे. वाळला की सुया काढायच्या. लाट तशीच राहायची. झुळूक असेल तर एक सैल लाट, घाटातून अंगावर येणारा वारा असेल तर काठीपाशी ताठ आणि टोकाला तीनचार बारीक चुण्या. सुया माझ्या होत्या. त्या हिवाळ्यात माझा स्वेटर एका बाहीवर थांबला, तो अजून तिथेच आहे.

मी एकदा त्यांना पकडायला गेले. म्हटलं, "काठी फिरवली की झेंडा हव्या त्या बाजूला वळतो. मग वारा विचारता कशाला?"

"दिशा फिरवता येते. जोर फिरवता येत नाही," ते म्हणाले.

एका दिवाळीत नव्या बिल्डिंगमधली एक मुलगी आली. त्यांचा किल्ला गॅलरीत, आणि गॅलरीला सरकत्या काचा. "काका, आमच्याकडे वाराच येत नाही," असं म्हणून रडवेली झाली. गार्डसाहेब विचारात पडले. "पंखा आहे का?" तिने मान हलवली. "कुठे?" तिने वर बोट केलं. त्यांनी तिला झेंडा करून दिला, तो पावसात भिजलेल्या कोंबड्याच्या शेपटीसारखा खाली पडलेला. ती खूश. तिच्या आईने येऊन भांडण केलं ते वेगळं.

आता माझा एक पराक्रम सांगते. कुसगावच्या एका हॉटेलवाल्याला बसायच्या दालनात लोहगड आणि विसापूरचा मोठा देखावा करायचा होता. झेंडे गार्डसाहेबांचे. ते तापाने पडले म्हणून लावायला मी गेले. सोफ्यावर बसून बघितलं, दोन्ही किल्ले डावी-उजवीकडे छान सारखे दिसत होते. तेव्हा झेंडेही सारखे दिसायला नकोत का? ब्लाऊजच्या दोन बाह्यांसारखे? मी लोहगडाचे सगळे झेंडे डावीकडे उडवले, विसापूरचे सगळे उजवीकडे. भांडलेल्या जावा पाठ फिरवून बसतात ना, अगदी तसे.

ताप उतरल्यावर गार्डसाहेब बघायला आले. बराच वेळ बघत राहिले.

"बाई, मधल्या खिंडीत पंखा बसवलाय का?"

हॉटेलचा वेटरसुद्धा हसला. मग स्वतः वाकून त्यांनी एकेक झेंडा फिरवला. "एका देखाव्यात एकच वारा," ते म्हणाले. हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्याला वैतागलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे वहिनी. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. टाकवे बुद्रुकच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शहरात इतकी वर्षं राहून त्यांच्या बोलण्याला शहराचा वारा लागला नव्हता. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"अवो, जेवाया येताय का? का त्येबी वारा बगून?"

"आलो. हा एक वाळू दे."

"लय झालं तुमचं झेंडं! आक्क्या मावळाला वाटलं. माज्या वाट्याला काय, तर डिंकाची वाटी घासाया."

ते पुढचा कागद काडीला गुंडाळत राहायचे. मला वाटायचं, ऐकू कमी येतं. तसं नव्हतं.

एकदा वहिनी भात झोडायला माहेरी गेल्या होत्या. त्या दुपारी गार्डसाहेबांनी मला बोलावलं. खाटेखालून एक फळी ओढून बाहेर काढली आणि वरचं जुनं धोतर बाजूला केलं. रूळ होते. रुळांवर मालगाडी, काड्यापेटीएवढे डबे, शेवटी गार्डाचा डबा. त्या डब्याच्या ओट्यावर बोटाच्या पेराएवढा एक गार्ड, हात लांब काढून हिरवी झेंडी धरलेला. रुळालगत एक कौलारू घर, मागच्या अंगाला दोरी, आणि उघडं दार. इंजिन आणि पुढचे डबे दारापुढून गेलेले, गार्डाचा डबा दारापर्यंत पोचायला वीतभर बाकी. डबे नुसते रुळांवर ठेवलेले होते, चिकटवलेले नव्हते.

दारात कोणी नव्हतं.

"आमचं जुनं घर," ते म्हणाले. "कुसगावच्या अंगाला, लाइनीला लागून. लग्न झालं तेव्हा तिथे राहायचो. माझी गाडी घरावरून जायची. ही मागच्या दारी यायची आणि पदर हलवायची. मी झेंडी धरायचो. एवढंच."

"मग?"

"मग एक दिवस पदराने भागेना. गाडीचा आवाज आला, हिने दोरीवरचं लुगडं ओढलं आणि दोन्ही हातांनी लागली हलवायला." त्यांनी घरामागच्या दोरीवर बोट ठेवलं. "लाल लुगडं."

मी रेल्वेची नाही, तरी लाल म्हणजे काय ते मलाही कळतं.

ड्रायव्हरने लांबूनच लाल बघितलं आणि ब्रेक लावले. अख्खी मालगाडी करकरत उभी राहिली. इंजिन वहिनींच्या दारात, गार्डाचा डबा लांब मागे वळणावर. ड्रायव्हर उडी मारून खाली आला. "काय झालं, बाई? रूळ तुटलाय का?" वहिनींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "न्हाई. आमचं मालक मागल्या डब्यात हायेत."

मी इतकी हसले की चष्मा खाली पडला. गार्डसाहेब हसले नाहीत.

"गार्ड-ड्रायव्हर विसाव्याला उतरतात त्या सगळ्या रनिंगरूममध्ये बोभाटा झाला, बाई. मी चहाला गेलो की कोणीतरी लाल रुमाल हलवायचं. साहेबापुढे उभं राहावं लागलं. त्या दिवशी घरी येऊन मी तिला बोललो."

"काय बोललात?"

"माझं नाक कापलंस, म्हणालो. पुन्हा मागच्या दारात दिसायचं नाही." त्यांनी धोतराच्या टोकाने इंजिनावरची नसलेली धूळ पुसली. "नाही दिसली. पोरं मोठी होईपर्यंत आम्ही त्या घरात होतो. गाडी घरावर आली की मी झेंडी बाहेर धरायचो. दार बंद."

मी खाली पडलेला चष्मा उचलला आणि पदराने पुसत बसले.

"तिला या दारात उभी करायचीय," ते म्हणाले. "पण न विचारता कशी करू? मीच नको म्हटलेलं. आणि विचारलं, आणि ती नाही म्हणाली, तर? हे दार मग कायमचंच राहील असं." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही विचाराल का? आडून?"

आडून! माझी समजूत अशी, की आडून बोलण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. वहिनी परत आल्यावर मी गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले, दोन खडे काढले, आणि अगदी सहज म्हटलं, "वहिनी, लाल रंग कसा वाटतो हो तुम्हाला?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्येंनी धाडलं व्हय तुमाला?"

एवढं माझं आडून.

"खाटंखाली फळी हाय, म्हाईत हाय मला," वहिनी म्हणाल्या. "केर कोन काढतं ह्या घरात? समदं बगितलंय म्या. आमचं घर, दोरी, दार. दारात कोन न्हाई तेबी."

"ते फार वाईट वाटून घेतात, वहिनी. म्हणतात, दार कायम बंद असायचं."

"बंदच व्हतं. पर दाराला फट व्हती का न्हाई?" त्या माझ्याकडे न बघता तांदळातून हात फिरवत राहिल्या. "गाडी आली की हातातलं टाकायची न् फटीला डोळा लावायची. ह्ये लांब हात काडून झेंडी धरायचं. तितं ना टेसन, ना सिंगल. कुनासाटी धरत्यात, कळत न्हाई व्हय मला?"

"मग त्यांना सांगितलं का नाही कधी?"

"का म्हनून? दिसू नको म्हनलं ते त्येंनी. मग ये म्हनायचं कुनी?" त्यांनी सूप उचललं. "आन आता इतक्या वर्सांनी ये म्हनत्यात, तर शेजारनीच्या तोंडनं! जावा, सांगा त्येंला. सवता इचारा म्हनावं."

मी निरोप पोचवला. गार्डसाहेबांचा चेहरा असा झाला, जसा काही रूळ खरंच तुटलाय. दोन दिवस भिंतीपलीकडून नुसतं खाकरणं ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कान भिंतीला लावून उभी होते. लावून म्हणजे अगदी चिकटवून, खोटं कशाला बोलू?

"अगं."

"काय?"

"मागच्या दारात उभी राहशील का?"

पलीकडे भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"आत्ता? भाकर करपंल."

मी दुसरा कान लावला. मग वहिनींचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा बारीक.

"ऱ्हाते. भाकरी झाल्याव. आन लुगडं लालच पायजे, सांगून ठिवते."

त्या संध्याकाळी वहिनी खरोखरच मागच्या दारात उभ्या राहिल्या. हातात माझ्या क्लासचा लाल अस्तराचा तुकडा, कारण लाल लुगडं कधीच विरून गेलं होतं. गार्डसाहेब अंगणाच्या टोकाला खुर्ची टाकून बघत बसले. मी कुंपणावरून बघत होते. वहिनींनी तुकडा हलवला नाही, नुसता धरला. घाटाकडून वारा होता, त्यानेच हलवला.

मग गाडं अडलं ते वाऱ्यावर. गार्डाची झेंडी गाडीच्या वेगाने मागे उडत होती. वहिनींचं लुगडं घाटाच्या वाऱ्याने उलट बाजूला उडायला हवं होतं. एका देखाव्यात दोन वारे! मी किती वर्षं अशा दिवसाची वाट बघत होते. तडक जाऊन म्हटलं, "काय गार्डसाहेब, रुळावर पंखा बसवलाय का?"

ते रागावले नाहीत. हातातली सुई खाली ठेवून म्हणाले, "बसू दे, बाई. माझा वारा गाडीचा. गाडी चालतेय तोवरच तो. तिचा वारा घाटाचा आहे. तो तिथलाच."

लाल लुगडं त्यांनी किती वेळा केलं आणि किती वेळा मोडलं ते त्यांनाच ठाऊक. शेवटी एक जमलं. वहिनी दारात उभ्या राहिल्या, पेराएवढ्या, दोन्ही हात वर, आणि लुगडं असं उडालेलं, की ते हातातून सुटेल म्हणून आपणच पुढे व्हावं. फळी खाटेखालून निघाली आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आली. वहिनींनी पदराने हात पुसले, वाकून नीट बघितलं.

"मी येवडी जाड व्हते व्हय?"

"नव्हतीस," गार्डसाहेब म्हणाले. "कागदाची लाट जरा जास्त झाली."

त्यानंतरही झेंडे चालूच राहिले, टोमणेही चालूच राहिले. फरक एवढाच, की डिंकाची वाटी गार्डसाहेब स्वतः घासायला लागले. वाईट घासायचे. वहिनी पुन्हा घासायच्या.

गेल्या थंडीत गार्डसाहेब गेले. फार दुखणं नाही, दोन दिवस पडून होते. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा उशाशी सुया होत्या. "तुमच्या आहेत, घेऊन जा," म्हणाले. "स्वेटर पुरा करा." मी घेतल्या नाहीत. म्हटलं, बरे व्हा, मग बघू. मला अजूनही वेळेवर शहाणपण येत नाही.

या दिवाळीत मला वाटलं, आता कोण येणार? तर सकाळपासून मुलं दारात. कोणी बोट वर धरून पळत आलेलं, कोणी धापा टाकत "घाटाकडून, जोरात!" असं ओरडणारं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, की आता वारा सांगायची गरज नाही. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर चिक्कीचं जुनं खोकं. त्यात उरलेले झेंडे. मुलाचं ऐकून घ्यायच्या, खोक्यात बोट फिरवायच्या, आणि बरोबर तसाच झेंडा काढून द्यायच्या. एकाने बोट कोरडंच दाखवलं, त्याला परत पाठवलं.

मुलं गेल्यावर मी आत गेले. वहिनीही दार लावून आत येऊन बसल्या. फळी खिडकीपाशी होती तशीच. पण काहीतरी वेगळं दिसत होतं. जरा वाकून बघितलं. इंजिन घर सोडून पार पुढे फळीच्या कडेला गेलं होतं, आणि गार्डाचा डबा बरोबर दारापुढे उभा होता. पेराएवढे गार्डसाहेब आणि पेराएवढ्या वहिनी समोरासमोर.

"वहिनी, गाडी सरकली वाटतं."

"सरकली न्हाई. म्या आनली," वहिनी म्हणाल्या. "लाल दावल्याव गाडी थांबाया पायजे. त्येंचाच नियम हाय."

मला गप्प बसता येत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. "पण गाडी थांबली तर त्यांची झेंडी खाली यायला हवी. तो वारा गाडीचा होता ना?"

खोलीची दारंखिडक्या बंद होती. पंखाही बंद. वहिनी उठल्या, फळीजवळ आल्या, पहिलं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि त्या दोघांच्या मधे धरलं. बराच वेळ धरलं.

"हाय," म्हणाल्या. "वारा हाय."